साडेएकसष्टची खुर्ची

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनी थोडं पुढं सरकावं, पुढच्यांनी पाय आखडते घ्यावेत, म्हणजे सगळ्यांची सोय होईल. आज एका खुर्चीची गोष्ट सांगायची आहे. राजाच्या सिंहासनाची नव्हे. दोन मोठी चाकं, दोन छोटी चाकं, अशा साध्या खुर्चीची. ही खुर्ची होती, धडधाकट होती, आणि तरीही चार महिने सगळे ती नाही म्हणून सांगत होते. असलेलं नाहीसं कसं झालं आणि मग पुन्हा हाती कसं लागलं, एवढीच गोष्ट. लक्ष मात्र हवं, कारण मध्ये आकडे येणार आहेत.

आजारी माणसाला घरी जे जे लागतं ते उसनं देणारं एक केंद्र होतं. जागा पूर्वीच्या फरशांच्या गोदामाची, त्यामुळे उन्हाळ्यातही गार. भिंतीवर खुंट्यांना उंचीनुसार कुबड्या टांगलेल्या, खाली चालण्याच्या चौकटी एकीत एक खोचलेल्या, कोपऱ्यात पलंगांचे दांडे दोरीनं बांधून ठेवलेले. माणूस बरा झाला की वस्तू परत यायची. नाही झाला, तरीही यायची. परत आलेली प्रत्येक वस्तू पुसून, तेल घालून, मोजून पुन्हा वहीत चढवायचं काम मास्तरांकडं.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं कपडे बेतून दुकान मुलाच्या हवाली केलं आणि इथं येऊन बसले. गळ्यातली टेप तेवढी सोबत आणली. शहरात केंद्राची तीन कोठारं, चारशेच्या वर वस्तू, आणि एकूण एक वस्तूचं माप मास्तरांनी स्वतः घेतलेलं. शिंप्याचा हात तो. साठ म्हणजे साठ आणि साडेसाठ म्हणजे साडेसाठच. "अर्धा सेंटीमीटर खाल्ला की बगलेत काचतं," असं म्हणायचे आणि खुर्चीलाही बगल असल्यासारखं मोजायचे.

वही आता कागदाची राहिली नव्हती. सहा वर्षांपूर्वी एका बाईनं केंद्राला संकेतस्थळ करून दिलं होतं. तेव्हा तिची मुलगी रांगत होती आणि बाई एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं प्रोग्राम लिहीत होती. वस्तू शोधायच्या पानाला ती 'फिल्टर' म्हणाली. मास्तर म्हणाले, म्हणजे चाळणी. त्या दिवसापासून केंद्रात तिचं नाव चाळणीताई पडलं. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ती अर्धा दिवस यायची, यंत्राची तब्येत बघायची, मास्तरांच्या हातचा बिनदुधाचा चहा प्यायची आणि जायची. सगळे तिचं कौतुक करायचे. कौतुक कुणाला आवडत नाही? तिलाही आवडायचं.

अशाच एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती आली, तेव्हा मास्तरांसमोरच्या स्टुलावर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर मास्तरांच्या बोटांवर. मास्तर संगणकावर काहीतरी टाइप करत होते, मान हलवत होते आणि शेजारच्या चौकटीच्या कागदावर एकेक काट मारत होते.

"या ताई," मास्तर मान वर न करता म्हणाले. "या आजींचं एवढं संपवतो. अजून अकरा चौकटी राहिल्यात."

"कसल्या चौकटी?"

"शोधाच्या."

आजी मध्येच म्हणाल्या, "चार महिने झाले, दर गुरुवारी संध्याकाळी पंचवीस चौकटी असतात, बाळ. पंचविसाव्याला हे म्हणतात नाही, आणि मी म्हणते बरं, आणि घरी जाते. आज मात्र सकाळीच आलेय, आज मला 'बरं' म्हणता यायचं नाही."

असं का, ते आधी ऐका. आजींचे यजमान बेकरीवाले. पन्नास वर्षं पहाटे पीठ मळलेलं शरीर, खांदे दाराएवढे. गेल्या वर्षी पायातली ताकद गेली. घर तळमजल्याचं, पण न्हाणीघराच्या दाराची चौकट आतून मोजली तर जेमतेम त्रेसष्ट सेंटीमीटर. भिंत फोडावी, तर त्यातूनच वरच्या मजल्यांचे नळ गेलेले. नेहमीची खुर्ची दारात अडकायची. अरुंद खुर्चीत आजोबा मावायचे नाहीत. मग मुलगा उचलून न्यायचा. दोनदा त्याची पाठ धरली. दुसऱ्या वेळी दोघेही पडले. शेवटी त्यानं शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात वडिलांसाठी खाट घेतली. सोमवारपासून. तिथं बायकोला राहायची सोय नव्हती.

"सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला," आजी म्हणाल्या. "भांडणात मीच बारा वेळा माहेरी जायची धमकी दिली. एकदाही गेले नाही. आणि आता हेच चालले. वर मला म्हणतात, तुझी धमकी मीच खरी करतो बघ."

मास्तर हसले, पण नीट हसू आलं नाही. त्यांनी अजून एक काट मारली.

ताई त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. तिनं बघितलं, आणि तिला काही कळेना. बैठक एकोणपन्नास, रुंदी बासष्ट. एंटर. 'उपलब्ध नाही.' काट. बैठक एकोणपन्नास, रुंदी एकसष्ट. एंटर. 'उपलब्ध नाही.' काट. मग साठ. मग एकोणसाठ.

"मास्तर, हे काय करताय?"

देव काही आभाळातून खुर्च्या टाकत नाही, मंडळी. तो कुणाला तरी एवढं विचारायची बुद्धी देतो. सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"शोधतोय की," मास्तर म्हणाले. "बैठक शेहेचाळीस किंवा जास्त हवी, रुंदी बासष्ट किंवा कमी हवी. मग शेहेचाळीस ते पन्नास इकडं, बासष्ट ते अठ्ठावन्न तिकडं. पाच पंचे पंचवीस. मी कागद आखूनच ठेवलाय, एकही जोडी सुटत नाही."

"पण तिथं 'एवढी किंवा कमी' असं निवडता येतं ना? ते एकदा निवडायचं, बासष्ट घालायचं, की खालचं सगळं आपोआप येतं."

"निवडतोच की मी. पण ते काही ऐकत नाही. त्याला एकेक आकडा नीट विचारावा लागतो. सगळं एकदम विचारलं की बिचारं गोंधळतं." मास्तर सांभाळून घेतल्यासारखं म्हणाले, जणू यंत्र म्हणजे नवखा कारागीर. "सुरुवातीपासून असंच आहे. मी तिन्ही कोठारांवर सगळ्यांना शिकवलंय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं? प्रत्येक मशीनची एक खोड असते. माझं जुनं मशीन डावीकडं ओढायचं, मी कापड उजवीकडं धरायचो. चाळीस वर्षं चाललं."

ताई खुर्ची ओढून बसली. पडद्याच्या वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता होता, आणि पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं लिहिलेलं होतं: बैठक>=४६, रुंदी<=६२. मागणी अगदी बरोबर निघाली होती. म्हणजे चुकत होतं ते वाचणाऱ्याचं. आणि वाचणारा तिनंच बसवलेला होता.

आता हे वाचणं कसं असतं, ते दोन वाक्यांत सांगून टाकतो, घाबरू नका. पत्त्यातली ती मागणी म्हणजे दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. ताईचा प्रोग्राम चिठ्ठी बरोबरच्या चिन्हापाशी कापायचा: डावीकडं उरतं ते नाव, उजवीकडं राहतं ते उत्तर. 'रंग=निळा' कापलं की रंग इकडं, निळा तिकडं, काम झालं. पण 'रुंदी<=६२' तिथंच कापलं तर डावीकडं काय उरतं? 'रुंदी' आणि तिच्या पदराला चिकटलेला तो 'कमी'चा बाण.

आणि ताईनं सहा वर्षांपूर्वी काय केलं होतं? तर स्वच्छता. मूळचा स्वभावच टापटिपीचा. लोक चिठ्ठीत नको नको ते लिहितात, म्हणून तिनं एक ओळ घातली होती: नावाला काही भलतंसलतं चिकटलं असेल तर पुसून टाक. प्रोग्राम इमानानं बाण पुसायचा. 'बासष्ट किंवा कमी' याचं होऊन जायचं 'बरोबर बासष्ट'. तिनं तेव्हा तपासलंही होतं. एक बासष्टची खुर्ची होती, बासष्ट विचारल्यावर ती आली, आणि पोरीला दूध पाजायची वेळ झाली म्हणून ती समाधानानं उठली होती. बहुतेकांना ठरावीक मापाचीच खुर्ची लागते, त्यामुळं पुढं कुणाचं अडलंही नाही. ज्यांचं अडलं, त्यांनी मास्तरांसारखं कापड उजवीकडं धरलं.

ताईला सगळं आठवलं. पण तेवढ्यात तिला दुसरंच काही सुचलं.

"मास्तर, तुम्ही मापं अर्ध्यापर्यंत घेता ना?"

"म्हणजे काय. अर्ध्यापर्यंतच."

"आणि शोधायच्या चौकटीत पूर्ण आकडाच लिहिता येतो." तेही तिनंच ठरवलं होतं. 'बासष्ट किंवा कमी' विचारलं की साडेएकसष्ट आपोआप त्यात येणार, मग अर्धा लिहायची सोय कशाला?

मास्तरांचं बोट हवेतच थांबलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "ताई, मला वाटत होतं. मला सारखं वाटत होतं की एक अशी होती. निळ्या कापडाची, बारीक चाकांची. पण यंत्र म्हणायचं नाही. म्हटलं वय झालं, भास होत असेल. माझ्या डोक्यापेक्षा तुमच्या डोक्यावर विश्वास जास्त."

या वाक्यानं तिला जे झालं ते रागावण्यानं झालं नसतं. ती आजींकडं वळली.

"आजी, खुर्ची नाही असं चार महिने तुम्हाला मास्तरांनी सांगितलं नाही. मी सांगितलं."

"तू? तू तर मला आज पहिल्यांदा दिसतेस."

"माझ्या लिहिण्यानं सांगितलं. मी चुकीचं लिहिलंय. खुर्ची असेलच असं नाही, पण असली तरी ती दिसली नसती."

 आजींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"आमच्या ह्यांनी एकदा गोड बनांत साखरेऐवजी मीठ घातलं," त्या म्हणाल्या. "दोनशे बन. सकाळी गिऱ्हाईक दारात. मी म्हटलं, आता तोंड लपवून बसा. ते गेले आणि बाहेर पाटी लावून आले, 'चुकून खारे झालेत, आवडले तर घ्या'. सगळे खपले. चूक झाली की पाटी लावावी. तू लावलीस. आता खुर्ची बघ."

ताईनं लॅपटॉप उघडला. बाण पुसणारी ओळ काढली. चिठ्ठी आधी बाणापाशी कापायची, असं लिहिलं. पाच मिनिटांचं काम. मास्तरांनी बैठक घातली, रुंदी घातली, एंटर मारलं.

'उपलब्ध नाही.'

आजींनी डोळे मिटले. मास्तर म्हणाले, "असो. प्रयत्न केलात."

"थांबा," ताई म्हणाली. तिनं प्रोग्रामला काय मिळालं ते बघितलं. डावीकडं 'रुंदी', स्वच्छ. पण उजवीकडं बासष्ट नव्हतं, '=६२' होतं. आता बरोबरचं चिन्ह आकड्याला जाऊन चिकटलं होतं, आणि प्रोग्रामला असला आकडा ओळखता येईना, म्हणून तो त्याला शून्य समजत होता. शून्याहून कमी रुंदीची खुर्ची कोण कुठून आणणार?

"बाण आधी तोडला की शेजारचं चिन्ह तिकडं राहतं," ती पुटपुटली.

मास्तर चष्मा कपाळावर चढवून पडद्यात वाकले. "म्हणजे हे दोन टाके एकत्र आहेत का?"

"हो. कधी एकत्र असतात, कधी नुसता बाण असतो, कधी नुसतं बरोबर."

"मग एकेरी टाका आधी कसा शोधता? दुहेरी शिवण आहे का ते आधी बघायचं. दुहेरी असली तर दोन्ही दोरे मिळून काढायचे. नसली तरच एकेरीच्या मागं लागायचं. उलटं केलं की एक दोरा कापडात राहतोच."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. मग ओळींचा क्रम उलटा केला. आधी जोडचिन्हं, मग एकटी. आणि जो आकडा ओळखता येत नाही त्याला शून्य समजायचं नाही, 'मला कळलं नाही' असं सरळ सांगायचं, हीही एक ओळ घातली.

"मारा एंटर."

मास्तर म्हणाले, "तुम्हीच मारा. माझ्या हाताला 'नाही'च येतं."

शेवटी आजींनी मारलं. पंचवीस चौकटी ज्यांनी बघत काढल्या, त्यांचा तो हक्कच होता.

पडद्यावर एक ओळ आली. चाकाची खुर्ची, बैठक सत्तेचाळीस, रुंदी साडेएकसष्ट, निळं कापड. ठिकाण: पुलापलीकडचं कोठार. आत आल्याची तारीख सात महिन्यांपूर्वीची, आणि खाली मोजणाऱ्याच्या रकान्यात 'मास्तर'.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मास्तर आपलंच नाव वाचत राहिले. आजी उठून पदर खोचू लागल्या होत्या.

"चला की," त्या म्हणाल्या. "का तिला इथून हाक मारायची?"

केंद्राच्या टेम्पोतून तिघं गेली. खुर्ची गाद्यांच्या चळतीमागं घडी करून उभी होती. मास्तरांनी फडक्यानं ती अशी पुसली, जशी लग्नाची शेरवानी पुसावी, आणि गळ्यातली टेप काढली. एकदा बाहेरून, एकदा चाकांच्या नाभीपाशी. "साडेएकसष्ट," म्हणाले. "दोरा इकडं नाही की तिकडं."

घरी मुलगा दारातच होता. उंच, वाकलेला, पाठीला पट्टा. आईला टेम्पोतून उतरताना बघून त्याचं तोंड पडलं. त्याला वाटलं, ही आणखी एक खटपट, आणखी एक 'नाही'. आजोबा आतल्या खाटेवर बसले होते. खुर्ची बघून त्यांनी ती आधी हातानं दाबून पाहिली, पाव ताजा आहे का पाहावं तशी.

चौघांनी मिळून त्यांना बसवलं. मांड्या मावल्या. वर दोन बोटं जागा उरली. मग सगळे न्हाणीघराच्या दारापाशी आले. इकडं पाऊण सेंटीमीटर, तिकडं पाऊण.

"बाबा, हात मांडीवर ठेवा," मुलगा म्हणाला. "बोटं चेपतील."

"तू सरळ ढकल. भट्टीत ट्रे सारतात तसं. तिरकं केलंस की कड लागते, किती वेळा सांगितलंय तुला."

मुलानं सरळ ढकललं. चौकटीला कुठं खट् झालं नाही. खुर्ची आत गेली, आणि आजोबा आत गेले.

आतून आवाज आला, "आता दार लावा आणि सगळे लांब जाऊन बसा. वर्षभरानं एकटा आहे मी."

आजी हसता हसता खाली बसल्या. मुलानं बाहेर जाऊन शुश्रूषागृहाला फोन लावला. "सोमवारची खाट नको," एवढं म्हणाला आणि बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मास्तरांनी मुद्दाम टेपची गुंडाळी करायला घेतली. ताईनं आजींचा हात धरला होता की आजींनी तिचा, ते सांगता येणार नाही.

गोष्ट इथं संपवली तर गोड होईल. पण ताई तिथं थांबली नाही, म्हणून आपल्यालाही थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सहा वर्षांतल्या सगळ्या मागण्या काढल्या. ज्यांच्या मागणीत बाण होता आणि ज्यांना 'नाही' मिळालं, अशी सतरा माणसं निघाली. मास्तर म्हणाले, "जुनं उकरून काय मिळणार?" ती म्हणाली, "पाटी सगळ्यांच्या दारात लावायला हवी ना, मास्तर." मग दोघं बसली आणि एकेकाला फोन केला. बहुतेकांनी दुसरीकडून सोय केली होती. चौघांना अजून गरज होती. त्यांना वस्तू पोचल्या, त्यातले एक गृहस्थ तर त्याच संध्याकाळी आपल्या अंगणात येऊन बसले. मास्तरांनी आपला आखलेला कागद घडी करून कचऱ्यात टाकला. केंद्रात दोन दिवस सगळे खुशीत होते.

एक फोन एका लेकीनं उचलला. तिची आई दोन वर्षं खिडकीशी बसून होती. पहिल्या माळ्यावरचं घर, लिफ्टचं दार अरुंद. खुर्ची मिळाली असती तर खाली येता आलं असतं. गेल्या हिवाळ्यात आई गेली. ताईनं सगळं खरं खरं सांगितलं आणि ओठ दाबून ऐकत राहिली.

 मग लेक म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आईला वाटायचं दोष तिचाच. म्हणायची, मीच जाड झालेय, माझ्या मापाची खुर्ची जगात कुणी करत नाही. जेवण निम्मं केलं होतं तिनं. आज फोटोपुढं जाऊन सांगते, आई, तुझं माप बरोबर होतं."

बेकरीवाले आजोबा आता रोज सकाळी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करतात, आजी रोज त्यांना आत या म्हणतात आणि ते येत नाहीत. त्यांचं छान चाललंय, त्यांची काळजी नको. आज रात्री दिवा लावून देवापुढं बसाल, घरच्यांसाठी मागायचं ते मागून होईल, तेव्हा हात सोडायच्या आधी क्षणभर त्या खिडकीशी बसलेल्या माउलीला आठवा.